कल

रेडिओवर म्हणाले, आज चार जानेवारी,
आज पृथ्वी सूर्याच्या सर्वात जवळ.
अपुत्सिआकने चमचा खाली ठेवला.
सकाळचे साडेनऊ, आणि खिडकीत
नोव्हेंबरपासून मुक्कामाला आलेला तोच काळोख.
"जवळ? म्हणजे कुठे?"

बिबियाने वीजघरात कामाला आहे.
उपर्नाविकच्याही उत्तरेला, एका बेटावर,
एकशे सत्तर माणसांचे दिवे तिच्या एका इंजिनाच्या जिवावर.
उत्तर द्यायला वेळ नव्हता,
म्हणून पोराला बरोबर घेऊन गेली.

आत डिझेलचा वास, भिंतींना बारीक थरथर.
तिने हातदिवा दोरीने मधोमध टांगला,
कोपऱ्यातून जाळ्याचा नारिंगी गोळा काढला,
हॅलिबटच्या दोरांना बांधतात तसला,
आणि त्याच्या भोकातून सळई आरपार घातली.
वरच्या टोकाजवळ निळ्या चिकटपट्टीचा तुकडा:
"हे आपण."
सळई उभी धरली नाही.
साडेतेवीस अंश, अंदाजानेच,
छताजवळच्या एका गंजक्या खिळ्याकडे टोक करून म्हणाली,
"हा ध्रुवतारा. मी कुठेही गेले तरी टोक याच्याकडेच."

मग ती दिव्याभोवती चालू लागली,
अंगठ्याने गोळा फिरवत, मनगट न वळवता.
टाकीपाशी निळा तुकडा उजेडात गरगरला,
एकदाही सावलीत गेला नाही.
"जून," पोरगा म्हणाला.
दारापाशी उजेड तिरपा पडला, पातळ,
लोण्याचा शेवटचा गोळा
अख्ख्या पावाला पुरवून फासावा तसा.
खिळ्याच्या भिंतीशी येताना
ती दिव्याच्या दिशेने अर्धं पाऊल आत सरकली.
"ही आजची तारीख. जुलैपेक्षा
पन्नास लाख किलोमीटर जवळ."
गोळ्याचं पोट लखलखत होतं.
निळा तुकडा फिरत राहिला
काळोखातून काळोखात.

"पृथ्वी कलते म्हणतात ना, तसं नाही.
ती कललेलीच आहे. दिवा तेवढा
कधी या बाजूला येतो, कधी त्या."

"मग सरळ कर."
तिने केली.
टाकी, दार, भिंत, सगळीकडे
तुकडा अर्धा फेरा उजेडात, अर्धा अंधारात.
"रोज मार्चच?"
"रोज."
"आणि रात्रीचा सूर्य?"
"नाही."
"बाबा मला पहाटे दोनला होडीतून न्यायचा, ते?"
बिबियाने तेलाचा काटा बघायला गेली.
काटा जागेवरच होता.
परत येऊन तिने सळई पुन्हा झुकवली.

येरेमियास आता दोन घरं सोडून राहतो.
स्वयंपाकघरातून त्याची खिडकी दिसते,
कुठल्या कपातून पितोय तेही कळतं.
दक्षिणेला ट्रॉलरवर होता, महिनोन्महिने,
तेव्हा दर रविवारी फोन यायचा,
खरखरता, लांबच लांब.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात
सगळी वस्ती टेकडी चढली.
म्हाताऱ्यांना स्लेजवर बसवून आणलं,
कुत्री खालीच केकाटत राहिली.
दक्षिणेच्या कड्यावर
नखाच्या कोरीएवढं काहीतरी तांबूस उमटलं,
लोकांनी हातमोजे काढले, टोप्या काढल्या,
कुणी काही बोललं नाही.
चार मिनिटं.

येरेमियास पलीकडच्या खडकापाशी होता.
त्याचं तोंड सूर्याकडे होतं.
सगळ्यांचीच तोंडं सूर्याकडे होती,
त्यावरून काही सांगता येत नव्हतं.

कोर बुडाली. त्याने एक मोजा चढवला,
दुसरा बर्फात पडला, त्याला कळलं नाही.
अपुत्सिआकने तो उचलला
आणि त्याच्याकडे निघाला.
बिबियानेने हाक मारायला तोंड उघडलं,
थंड हवा आत घेतली,
आणि मिटलं.